लिंबूकाकांचा तळहात

लिंबूकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तेवढं माहीत होतं, आणि ती त्यांना 'अहो' म्हणायची. त्यामुळे नाव असून नसल्यासारखंच. गल्लीतली पोरं, दुकानातली गिऱ्हाईकं, कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला, इतकंच काय, दाताचा डॉक्टरसुद्धा "या लिंबूकाका, आ करा" म्हणायचा.

आता असं नाव काही उगाच पडत नाही. काकांनी आयुष्यात एकच पराक्रम केला होता. तळहातावर लिंबू ठेवून ते उभे राहिले होते. बस्स. हसू नका. समोरून माणसाच्या छातीपर्यंत पोचेल इतकं लांब, दोन्हीकडून धार लावलेलं पातं सूंऽऽसूंऽऽ करत गरगरत येतंय आणि तुम्ही हात पुढे करून उभे आहात, असं एकदा उभं राहून दाखवा. मग आपण दोघं मिळून हसू.

त्या पात्याला पट्टा म्हणतात. त्याची मूठ साधी नसते, कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोळीत घालावा लागतो. त्यामुळे मनगट वळतच नाही. जो काही खेळ करायचा तो खांद्यानं, कमरेनं आणि पायांनी. नीट जमला तर तो नाच दिसतो, नाही जमला तर जवळच्या माणसाचा कान जातो. असा हा पट्टा शिकवणारे वस्ताद लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचे, आणि वर्गाचा शेवट ठरलेला असायचा. वस्ताद गिरक्या घेत घेत यायचे, काकांच्या तळहातावरून पट्टा आडवा सपकन जायचा, लिंबाची वरची वाटी उडायची आणि खालची वाटी हातावर तशीच राहायची. टाळ्या वस्तादांना, उरलेलं अर्धं लिंबू काकांना.

"लोकांचे नवरे बक्षीस घेऊन घरी येतात," काकू म्हणायच्या, "माझा अर्धं लिंबू घेऊन येतो." म्हणायच्या, आणि त्याचं लिंबूपाणी करून प्यायच्या. वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दुसरं त्यांच्या रक्तात काय होतं, तर कपड्यांना कांजी. काकांचा वर्गाचा पांढरा सदरा त्या असा कडक करून द्यायच्या की तो खुंटीवरून काढला तरी आपल्या पायांवर उभा राहील. काका चालायला लागले की कुणी पापड मोडतंय असा आवाज यायचा.

खरं तर काका तरुणपणी पट्टा शिकायलाच आले होते. पण देवानं त्यांना दोन हात, दोन पाय देताना एकमेकांशी ओळख करून दिली नव्हती. पहिल्या दिवशी वस्तादांनी हातात नुसती काठी दिली, तर ती त्यांनी स्वतःच्याच नडगीवर मारली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नडगीवर. तिसऱ्या दिवशी वस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, "बाबा रे, तू जरा वेळ काही करूच नकोस. तिथं उभा राहा." आणि काका उभे राहिले. असे उभे राहिले की वर्ग संपला, दिवे मालवले, वस्ताद कुलूप लावायला आले, तरी गडी उभाच.

"अरे, तू अजून आहेस?"

"तुम्ही पुरे म्हणाला नाहीत."

त्या दिवशी वस्तादांना आपला लिंबूवाला सापडला. काकांना हे जमत होतं त्याला कारण होतं. ते चष्म्याच्या दुकानात कारागीर होते. दिवसभर तिळाएवढे स्क्रू पिळायचे, भिंगं घासून चौकटीत बसवायची. श्वास जरा हलला की स्क्रू गेला फरशीवर, आणि मग गुडघ्यांवर बसून शोधत बसा. हात स्थिर ठेवणं हे त्यांच्या पोटापाण्याचंच काम होतं.

आता इथं गोष्टीला जरा पेच पडतो. चष्म्याच्या कारागिराचे गुरू, आणि त्यांनाच दिसेनासं झालं.

एकदम नाही झालं. आधी वस्ताद म्हणायला लागले की हल्ली दिवे चांगले मिळत नाहीत. काकांनी हॉलमधली ट्यूब बदलली, पुन्हा बदलली, तरी वस्तादांचं आपलं तेच, "कंपन्या फसवतात रे." मग एका संध्याकाळी वर्गात शिरल्या शिरल्या ते दाराजवळच्या कोट अडकवायच्या स्टँडवर ओरडले, "पाठ सरळ! किती वेळा सांगायचं?" स्टँड सरळच होता. दुसऱ्या दिवशी त्याची त्यांनी स्तुती केली, "हां, आता कसा उभा आहेस!" वर्गातल्या पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसल्या. काका मात्र हसले नाहीत.

त्याच आठवड्यात पट्टा लिंबाच्या वरून गेला. लिंबाला न शिवता, नुसता वारा देऊन. सगळ्यांना वाटलं वस्तादांनी मुद्दाम हूल दिली. वस्ताद परत फिरले, पुन्हा गिरकी घेतली, आणि पट्टा पुन्हा तेवढ्याच उंचीवरून येताना काकांनी पाहिला. विचार करायला वेळ कुठला? त्यांनी हात बोटभर वर घेतला. सपकन लिंबू कापलं गेलं. टाळ्या पडल्या. वस्ताद मिशीत हसले आणि काकांना दरदरून घाम फुटला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. लोकांना वाटायचं पट्टा लिंबाकडे येतो. खरं तर लिंबूच पट्ट्याकडे जायचं. कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली, कधी अर्धं पाऊल पुढे. पट्टा वस्तादांच्या खांद्यावरून सुटला की तो कुठे येणार हे काकांना आधीच कळायचं. इतकी वर्षं तो समोरून येताना पाहिला होता ना!

लिंबाचं काका सांभाळून घेत होते, पण हॉलमधल्या बाकीच्या वस्तूंना कोण सांभाळणार? पडदा मधोमध फाटला. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पियानोला खोक पडली. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा गेला, तेव्हापासून त्या हॉलमध्ये फक्त तास होते. प्रत्येक वेळी काका पुढे होऊन म्हणायचे, "माझा धक्का लागला." एका माणसाचा धक्का छताजवळच्या घड्याळाला कसा लागतो, हे विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते फक्त सेक्रेटरीच्या.

सेक्रेटरी म्हणजे हॉलच्या कमिटीचा. गोरागोमटा, सदा नव्या बुटांत वावरणारा, स्वतःला फार मोठा समजणारा माणूस. त्यानं नुकताच श्वासाचा वर्ग सुरू केला होता. म्हणजे लोकांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवायचं. आता जी गोष्ट माणूस जन्मल्या जन्मल्या रडत रडत स्वतःच शिकतो, तिला मास्तर कशाला? पण गर्दी होत होती खरी. आणि त्याला वर्गासाठी नेमकी वस्तादांचीच वेळ हवी होती.

"वस्ताद," एका संध्याकाळी तो वर्ग सुटताना येऊन म्हणाला, आणि त्यानं हस्तांदोलनाला हात पुढे केला. वस्तादांनी शेजारच्या पडद्याशी हस्तांदोलन केलं. सेक्रेटरीनं ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काकांना तो पियानो उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. "वस्ताद, कमिटीत जरा कुजबुज आहे. धारेची वस्तू, चार लोकांत फिरवायची, तर फिरवणाऱ्याची नजर चांगली पाहिजे. नाहीतर पट्टा या हॉलमध्ये नको, असं म्हणतात सगळे."

"नजर?" वस्ताद पडद्याकडे बघून कडाडले. "माझी नजर? उडत्या माशीचे पंख मोजीन मी!"

"हो, हो, मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हटलं, कमिटीचं तोंड कायमचं बंद करू. यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात लिंबू मी धरतो. दरवेळी एकच माणूस धरतो ना, त्यामुळे लोकांना शंका येते."

"धर की!" वस्ताद म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

झालं. काकांच्या पायाखालची जमीन सरकली.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू सदऱ्याला कांजी लावत होत्या.

"मग सरळ सांगून टाका ना वस्तादांना, तुम्हाला दिसत नाही म्हणून. आणि चष्मा करून द्या. तुमच्याच दुकानात इतके पडलेत."

"काय सांगू? चष्म्याचं नाव काढलं की अंगावर येतात. म्हणतात, पट्टेवाल्यानं चष्मा लावायचा तर मग वाघानं कवळी लावावी."

"मग होऊ दे वर्ग बंद. तुम्हीही सुटाल."

काका हळूच म्हणाले, "अगं, त्यांना दुसरं आहे कोण? ना बायको, ना पोर. त्या हॉलच्या जिन्यावर त्यांचा पाय पडला की माणूस ताठ होतो. वर्ग बंद झाला तर तो माणूस खाटेवर बसून भिंतीला 'पाठ सरळ' म्हणत बसेल. आणि माझीही पाच बोटं इतकी वर्षं त्यांनीच शाबूत ठेवलीत."

"त्यांनी ठेवलीत की तुम्ही?"

काकूंनी सदरा झटकला, तो पत्र्यासारखा वाजला.

काकांनी मग एकेक उपाय करून पाहिले. आधी त्यांनी वस्तादांना सुचवलं की यंदा लिंबाऐवजी मोठं फळ घेऊ, लोकांना लांबून दिसत नाही. वस्ताद म्हणाले, "संत्रं?" काका म्हणाले, "जरा मोठं." वस्ताद म्हणाले, "नारळ?" काका म्हणाले, "भोपळा कसा वाटतो?" वस्ताद चिडले. "भोपळा कापायला मी भाजीवाला आहे का?" तो मार्ग खुंटला. मग त्यांनी लिंबाला लालभडक रंग दिला. वस्तादांनी ते हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "टोमॅटो कशाला आणलास?"

शेवटी काका सेक्रेटरीलाच गाठायला गेले. म्हटलं, आपली विद्या याला देऊ. नालायक असला तरी वस्तादांची लाज राहील, आणि याचा हातही. त्यांनी सेक्रेटरीला दुकानात बोलावलं, आरशासमोर उभं केलं, तळहातावर लिंबू ठेवलं आणि पट्ट्याच्या जागी छत्री घेतली.

"हे बघा साहेब, पहिली गोष्ट, हलायचं नाही."

"कळलं."

"श्वास रोखायचा."

"श्वास हा तर माझा विषयच आहे," सेक्रेटरी म्हणाला आणि नाकपुड्या फुगवून उभा राहिला.

"आणि पट्टा वरून जातोय असं वाटलं तर हात बोटभर वर घ्यायचा. खालून येतोय असं वाटलं तर बोटभर खाली."

सेक्रेटरीनं साठवलेला श्वास फस्सकन सोडला. "अहो, आत्ता तर म्हणालात हलायचं नाही!"

"हलायचं नाहीच. नुसता हात हलवायचा."

"का?"

काका अडकले. खरं सांगता येईना, खोटं सुचेना. "तशी रीत आहे," ते म्हणाले. "पट्ट्याला मान द्यायचा असतो. तो वर आला की आपणही वर."

"आणि मान नाही दिला तर?"

"मग तोच आपली मान घेतो."

सेक्रेटरी जरा पांढरा पडला, पण मागे हटला नाही. काकांनी छत्री फिरवली. पहिल्या फेरीत तिनं काऊंटरवरची सहा डोकी, म्हणजे ज्यांच्यावर चष्मे अडकवून ठेवतात ती प्लास्टिकची डोकी, खाली लोळवली. दुसऱ्या फेरीत छत्री आपोआप उघडली आणि काका तिच्यामागे दिसेनासे झाले. सेक्रेटरी हसत हसत निघून गेला. जाताना म्हणाला, "कार्यक्रमात भेटू. आणि काका, तुम्ही पट्ट्याला हात लावू नका हं कधी. लोक मरतील."

ते शेवटचं वाक्य काकांना लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. प्लास्टिकच्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांत बसले. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. काका बाजूला, पडद्याच्या फाटीजवळ, कांजीच्या कडक सदऱ्यात. आज त्यांना काही काम नव्हतं, आणि काम नसलेले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी पुढे बांधले, कधी मागे.

पोरींनी काठ्या फिरवल्या, उड्या मारल्या, टाळ्या घेतल्या. मग वस्ताद आले. केस पांढरे, पण पट्ट्यात हात घातला की वय कुठल्या कुठे पळायचं. ढोल वाजायला लागला, वस्ताद संथ पावलं टाकत फिरायला लागले आणि पातं हवेत चमकायला लागलं. ते बघून काकांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, असाच फिरत राहा म्हणावं. लिंबाच्या वाटेला जाऊच नका.

सेक्रेटरी पुढे आला. हात पुढे केला. हातावर लिंबू. वस्तादांनी पहिली गिरकी घेतली, सूंऽऽ आवाज झाला आणि लिंबू हातावरून घरंगळून पहिल्या रांगेत गेलं. काकूंनी ते पायानं अडवलं आणि सवयीनं पिशवीत टाकलं.

"दुसरं घ्या, दुसरं," कुणीतरी म्हणालं. दुसरं आलं. सेक्रेटरीनं नाकपुड्या फुगवून श्वास भरला. वस्ताद पुन्हा फिरत फिरत जवळ येऊ लागले. काकांनी पडद्याच्या फाटीतून पाहिलं. पट्टा लिंबाच्या उंचीवर नव्हताच. तो चांगला वीतभर वर होता, म्हणजे नेमका सेक्रेटरीच्या टायच्या गाठीवर.

"बसा!" काका ओरडले. "साहेब, खाली बसा!"

सेक्रेटरीला बसायचं सुचलं नाही, पळायचं मात्र सुचलं. श्वास छातीतच राहिला, माणूस निघाला. नवे बूट टकाटक टकाटक वाजवत त्यानं हॉल ओलांडला आणि तो पियानोच्या मागे गेला. पियानोवरचं कापड त्याच्या डोक्यावर पडलं आणि ते तो काढेना. पट्टा रिकाम्या हवेतून सपकन गेला. लोकांना वाटलं हा विनोदी प्रवेश आहे. असा हशा पिकला की खालचा लॉन्ड्रीवाला इस्त्री तशीच ठेवून वर आला.

हसण्याच्या गदारोळात वस्ताद मात्र थांबले. त्यांनी मान तिरकी केली. "गेला वाटतं," ते म्हणाले. "बूट बरे आहेत त्याचे. पियानोपर्यंत स्वच्छ ऐकू आले." मग त्यांनी आवाज चढवला. "लिंबू! कुठे आहेस? ये इकडे."

काका जीव भांड्यात पडल्यासारखे धावले. सुटलो, त्यांना वाटलं. आता लिंबू माझ्या हातावर, पुढचं मी बघतो. त्यांनी हात पुढे केला. आणि वस्तादांनी त्या हातावर लिंबू ठेवायचं सोडून स्वतःचा हात पट्ट्यातून काढला आणि लोखंडी खोळ काकांच्या हातात कोपरापर्यंत चढवली.

"वस्ताद, हे काय?"

"आज तू कापायचं. मी धरतो."

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "अगं बाई!"

"वस्ताद, मला येत नाही," काका हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे. माझ्या नडग्या आठवा. तुमचा हात आहे हो तो."

"इतकी वर्षं तू तुझा दिलास तो काय भाड्याचा होता? ऐक. माझे सगळे चेले पट्टा बाजूनं बघून शिकले. समोरून पाहिलेला तू एकटा. जितका तुला कळलाय तितका त्यांच्यातल्या एकालाही कळलेला नाही." त्यांनी तळहात पुढे केला आणि एका पोरीनं त्यावर नवं लिंबू ठेवलं. "चल. माणसं खोळंबलीत."

काका रडायच्या बेतात होते. भीतीनं की मायेनं, त्यांचं त्यांनाच कळेना. मागे फिरावं तर भरल्या सभेत वस्तादांचा अपमान. पुढे जावं तर वस्तादांचा हात. ढोल पुन्हा सुरू झाला. काकांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पट्टा जड होता आणि मनगट वळत नव्हतं, त्यामुळे जिकडे पट्टा जाईल तिकडे काका जात होते. पहिल्या गिरकीत फाटक्या पडद्याची अर्धी बाजू खाली आली. दुसऱ्या गिरकीत पियानोमागून "मेलो!" असा आवाज आला. तिसऱ्या गिरकीत काकांना एकदम आठवलं, वस्तादांचा उजवा पाय इथं असतो. त्यांनी तो तिथं टाकला. मग खांदा तसा. मग कंबर. समोर वस्ताद हात पुढे करून उभे होते, डोळे कुठे तरी भलतीकडेच, ओठांवर हसू.

काकांनी डोळे गच्च मिटले. लिंबूवाल्याला डोळे मिटायची मुभा नसते, पण आज ते लिंबूवाले नव्हते.

सपकन आवाज झाला.

टाळ्या ऐकू आल्या तेव्हा त्यांनी आधी एक डोळा उघडला. वस्तादांच्या तळहातावर लिंबाची खालची वाटी होती. बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. काकू खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि पिशवीतलं लिंबू उगाचच हवेत उडवत होत्या. लॉन्ड्रीवाला शिट्ट्या मारत होता.

काका वस्तादांच्या जवळ गेले. "लागलं नाही ना?"

"नाही रे. पट्टा बोटभर खाली आला होता तुझा," वस्ताद त्यांच्या कानाशी म्हणाले. "घेतलं मी सांभाळून."

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं तो खाली आला ते?"

"ऐकू येतो ना. पट्टा उंचावर वेगळा वाजतो, खाली वेगळा. डोळे गेलेत माझे, कान नाही." ते अर्धं लिंबू त्यांनी काकांच्या हातावर ठेवलं. "आणि तुझ्या बायकोला सांग, कांजी जरा कमी घालत जा. तू हात उचललास की दरवेळी बाही कुरकुरते."

म्हणजे म्हाताऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं! प्रत्येक वेळी, प्रत्येक टाळीला ठाऊक होतं. काकांना राग आला, हसू आलं, आणि मग भरल्या सभेत त्यांनी डोळे पुसले. लोकांना वाटलं लिंबाचा रस गेला असेल.

सेक्रेटरी कापड बाजूला करून बाहेर आला तेव्हा हॉल अर्धा रिकामा झाला होता. वस्तादांच्या वर्गाच्या वेळेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर पियानोचंही निघालं असतं. आणि गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गाची गर्दीही ओसरली. लोक म्हणाले, श्वास चांगला रोखतो हो, पण माणूस थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या दारात वस्ताद उभे. आत आले, काऊंटरवरच्या प्लास्टिकच्या डोक्याला म्हणाले, "माझे डोळे तपास."

"मी इकडे आहे, वस्ताद," काका म्हणाले.

"तेच ते. चष्मा दे मला. पाठीमागून पट्टी बांधलेला दे, गिरकीत पडणार नाही असा."

काकांचा कानांवर विश्वास बसेना. "अहो, पण वाघानं कवळी..."

"ते पट्टा माझ्या हातात होता तेव्हा. आता पट्टा तुझ्या हातात, लिंबू माझ्या हातावर. कान पुरेसे असतात समोर शहाणा माणूस असला तर. तू डोळे मिटून पट्टा मारतोस रे! तुझ्यासमोर न बघता उभं राहायला मी काय वेडा आहे?"

काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. एकामागून एक भिंग डोळ्यांसमोर धरलं. आता बरं दिसतंय की मघाशी? आता? वस्ताद प्रत्येक भिंगाला आधी "काही फरक नाही" म्हणायचे आणि मग गुपचूप पुढे वाकून बघायचे. नंबर इतका निघाला की काकांनी तपासणी परत करून पाहिली. अशा नजरेनं हा माणूस रस्ता कसा ओलांडत होता, देव जाणे. शेवटी जाड भिंगं चौकटीत बसली. तिळाएवढे स्क्रू काकांनी श्वास रोखून पिळले आणि चष्मा वस्तादांच्या नाकावर ठेवला.

वस्तादांनी आधी आरसा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग प्लास्टिकच्या डोक्यांची रांग पाहिली आणि जरा ओशाळले. मग मान वळवून समोर उभ्या असलेल्या आपल्या लिंबूवाल्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. गळलेले केस, पांढऱ्या भुवया, डोळ्यांखालच्या सुरकुत्या.

"अरे," ते म्हणाले, "तू म्हातारा कधी झालास?"

"तुम्ही लिंबं कापत होतात ना," काका म्हणाले, "तेव्हा."

वस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं उगाचच पुसला आणि परत घातला. मग म्हणाले, "पाठ सरळ ठेव." काकांनी ती सरळ केली.